खळ्यावरची बोटे

मी चोपणे आहे, जुने आणि लाकडाचे. मित्रांनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला पाहिले नसेल, म्हणून आधी माझे रूप सांगते. हातभर लांब आणि वीतभर रुंद अशी एक जाड फळी, आणि तिच्या पाठीतून तिरकी वर गेलेली मूठ. मातीची जमीन ओली करून माझ्याने चोपली की ती घट्ट आणि सपाट होते. एवढेच माझे काम. माझ्या पोटाला एक बारीक चीर आहे. त्या चिरेत अजून थोडी राखाडी पूड अडकलेली आहे. ती मला बोचते. ती तिथे कशी आली हे सांगण्यासाठीच मी आज बोलते आहे.

माझा जन्म मालवण तालुक्यातल्या मसुऱ्याचा. डोंगरावरचे ऐनाचे एक झाड वाऱ्यात पडले होते. त्याच्या बुंध्यातला एक तुकडा गुरुदासने खांद्यावरून मेस्त्रीकडे नेला. गुरुदास तेव्हा एसटीत नुकता कंडक्टर लागला होता आणि त्याचे लग्नही नवे होते. घरात आधीचे एक चोपणे होते, पण ते त्याच्या आईच्या हाताचे, फार जड. नवी सून सरला अंगाने बारीक होती. तिला ते उचलेना.

मेस्त्रीने माझी मूठ घडवली आणि सरलाला धरून पाहायला सांगितले.

"हाताक बसत नाय," ती म्हणाली.

त्याने तासली. तिने पुन्हा धरली. "अजून नाय."

मेस्त्री गुरुदासकडे वळला. "बायल तुझी, चोपणां तुझां, आणि रंधो झिजता माझो."

"तास रे," गुरुदास हसून म्हणाला. "जल्मभर तिच्याच हातात ऱ्हवतलां तां."

मूठ अखेर तिच्या हाताला बसली. तेव्हापासून मी तिचे झाले.

घरामागे मोठे खळे होते. खळे म्हणजे मातीचे सारवलेले अंगण. पावसाळ्यात ते गवताने भरून जायचे, चिखल व्हायचे. दसऱ्याच्या सुमाराला सरला गवत काढायची, ढेकळे फोडायची, डोंगरावरची तांबडी माती पसरायची, पाणी शिंपडायची आणि मग मागच्या पडवीच्या वाशाला टांगलेल्या मला खाली काढायची. ती आणि मी चोपत चोपत खळ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचो. धप्प, धप्प असा आवाज शेजारच्या सुगंधाच्या घरापर्यंत जायचा आणि ती ओरडून विचारायची, "सरला, तुझां झालां गो? माझ्या खळ्यार तण माझ्यापेक्षा उंच झालां."

चोपून झाले की माझे काम संपायचे. मग ती शेण कालवायची आणि सारवायला बसायची. मी भिंतीला टेकून ते बघत राहायचे. उजव्या हाताने ती अर्धे वर्तुळ काढायची, मागे सरकायची, पुन्हा अर्धे वर्तुळ काढायची. सुकल्यावर तिच्या बोटांच्या रेघा खळ्यावर तशाच राहायच्या. प्रत्येक बाईच्या रेघा वेगळ्या असतात. सरलाच्या तर कोणीही ओळखाव्यात. विळीवर मासे कापताना तिच्या करंगळीचे टोक गेले होते. त्यामुळे तीन रेघा पूर्ण आणि चौथी अर्ध्यावर संपलेली, असे तिचे सारवण असायचे. सगळे खळे त्या रेघांनी भरलेले. जणू एखादे जाळे सुकत घातले आहे.

त्या खळ्यावर उकडे भात सुकले, मिरच्या सुकल्या, कोकमाची सोले सुकली, काजूच्या बिया सुकल्या. पाहुणे म्हणायचे, "खळां कसां आरशासारखां." सरला म्हणायची, "चोपणां चांगलां आसा." मला फार अभिमान वाटायचा. आज ती आठवण आली की मान खाली जाते.

गुरुदास संध्याकाळी एसटीतून उतरून दमून यायचा. न्हाणी खळ्याच्या पलीकडच्या कोपऱ्यात होती. हातपाय धुवायला तो सरळ खळ्यातून जायचा. सारवण ओले आहे की सुके हे त्याने कधी पाहिले नाही. त्याची पावले ओल्या रेघांवर उमटायची आणि सरला कपाळावर हात मारायची.

"तुमच्या पायाक डोळे आसत की नाय?"

"दिसूक नाय गो."

"सुकांदे आधी. बगलेन वाट आसा ना, माडाच्या कडेन?"

"उद्यापासून जातंय."

तो उद्या काही आला नाही. ती पुन्हा शेणात हात घालायची आणि पावलांवरून बोटे फिरवायची. पुढे मुलगा पुष्कर मोठा झाला, मालवणच्या एका ऑफिसात लागला. लेक अस्मिता देवबागला सासरी गेली. पुष्करला बायको आली, मग मुलगी झाली, गौरजा. तिला चेंडूचे वेड. सरला तिलाही तेच ओरडायची, "पायाक डोळे आसत की नाय गो तुझ्या?" खळ्यावर चेंडू आणायला तिने नातीला सक्त मनाई केली होती. गौरजा घरासमोरच्या कातळावर खेळायची आणि गुडघे फोडून घ्यायची.

मित्रांनो, आता पुढचे.

शिमगा जवळ आला म्हणून सरलाने खळे सारवले. त्याच आठवड्यात तिच्या छातीत दुखू लागले. तिला मालवणला नेले. तिथून पुढे न्यायचे ठरत होते, तेवढ्यात सगळे संपले.

सुतक फिटायच्या दिवशी सुगंधा शेणाची बादली घेऊन आली. आमच्याकडे अशा वेळी सगळे घर सारवून काढतात. पुढची पडवी झाली, माजघर झाले. ती मागच्या दाराने खळ्यात उतरणार, तोच गुरुदास वाटेत उभा राहिला.

"ह्यां नको," तो म्हणाला.

"भावजी, सगळां सारवूचां लागता."

"घर सारवा. मागचां खळां नको."

सुगंधाने त्याच्या मागे पाहिले. ऊन तिरपे पडले होते आणि रेघा स्पष्ट दिसत होत्या. तीन पूर्ण, एक अर्धी. तिने बादली उचलली आणि ती परत गेली.

त्या दिवसापासून त्या खळ्यावर कोणाचा पाय पडला नाही. गुरुदासने कोंबड्या हाकलल्या. पानगळ झाली तर तो कडेला बसून लांब काठीने एकेक पान ओढून काढायचा. आणि न्हाणीकडे तो माडाच्या कडेने, लांबच्या वाटेने जाऊ लागला. ती असताना इतकी वर्षे ज्या वाटेने तो एकदाही गेला नाही, त्याच वाटेने. मी वाशाला टांगलेले हे रोज पाहायचे.

त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. रेघा त्याला नीट दिसत नव्हत्या. दुपारी पायरीवर बसून तो वाकायचा आणि तळहात खळ्यावर ठेवायचा. मग बोट एका रेघेवरून पुढे न्यायचा आणि अर्धी रेघ जिथे संपते तिथे थांबायचा.

पाऊस तोंडावर आला तेव्हा त्याने खळ्यावर माडाच्या विणलेल्या झावळ्यांची झापे घातली, त्यावर ताडपत्री ओढली आणि कडेने जांभ्या दगडाचे चिरे ठेवले. सुगंधा कुंपणावरून म्हणाली, "भावजी, खळ्याक ताप इलो की काय? एवढां पांघरूण." तो हसला नाही. सरी थांबल्या की तो ताडपत्रीचा कोपरा उचलून हात आत घालायचा. एकदा ताडपत्री फाटली. तेव्हा छत्री धरून तो त्या जागी बसून राहिला. सुनेने हाका मारल्या तरी उठला नाही.

वाडीत लोक बोलू लागले. पुष्करच्या कानावर ते यायचे. त्याला वाटले, बाबांचे मन त्या ताडपत्रीखाली अडकून बसले आहे. त्याने कुडाळला एका घरामागे केलेले एक टर्फ पाहिले होते. खोट्या हिरव्या गवताचे मैदान, भोवती उंच जाळी, आत खेळणारी मुले. आपल्या मागीलदारी तसे केले तर गौरजाचे गुडघे वाचतील, वाडीतली मुले येतील, गलबला होईल आणि बाबा जरा माणसांत येतील, असे त्याने बायकोला सांगितलेले मी ऐकले. त्यात वाईट काही नव्हते. म्हणूनच मला कोणावर रागावता येत नाही.

टर्फ घालणारा कौस्तुभ कुडाळहून आला. त्याने गुरुदासच्या हातात तळहाताएवढा एक हिरवा तुकडा दिला. गुरुदासने तो चाचपून पाहिला, उलटा केला, मागची भोके बोटाने मोजल्यासारखी केली.

"ह्यां आथरतत?"

"होय काका. सतरंजी आथरतत तशी."

"पावसाचां पाणी?"

"भोकांतसून जाता. वर थेंब ऱ्हवणां नाय."

"फाटता?"

"वर्सानुवर्सां बघूक नको."

"आणि काढूचां झालां तर?"

"गुंडाळून काढायचां. कायेक कठीण नाय."

गुरुदासने तो तुकडा परत दिला. मग म्हणाला, "एकच सांगतंय. खळां उकरूचां नाय."

"उकरूची गरजच नाय, काका. सगळां काम वरसून."

"मगे घाला."

पुष्करने चमकून बापाकडे पाहिले. बाबा इतक्या लवकर हो म्हणतील असे त्याला वाटले नव्हते. त्याला केवढा आनंद झाला. पण गुरुदासच्या मनात काय होते ते मला कळले. कौस्तुभ गेल्यावर तो माझ्याखाली पायरीवर बसला आणि खळ्याकडे बघून म्हणाला, "ताडपत्री फाटता. ह्यां फाटूचां नाय."

मित्रांनो, कळले ना? त्याला ते गवत म्हणजे कधी न फाटणारे पांघरूण वाटले होते. सतरंजीसारखे अंथरायचे, वाटेल तेव्हा कोपरा गुंडाळायचा आणि खाली हात घालायचा. कौस्तुभ खोटे बोलला नव्हता. गुरुदासने विचारले तेवढ्याची त्याने उत्तरे दिली होती. आणि खाली काय आहे, हे गुरुदासने कोणाला सांगितले नव्हते.

दसरा झाला आणि गुरुदासच्या डोळ्यांच्या ऑपरेशनची तारीख आली. पुष्करने ठरवले की ऑपरेशननंतर बाबांनी धुळीत राहायला नको. त्यांना अस्मिताकडे देवबागला ठेवू, तोवर इकडे टर्फचे काम उरकून घेऊ. निघताना गुरुदास मागच्या दारात आला. खळ्यावरची ताडपत्री तेव्हा काढलेली होती. ऊन होते. तो डोळे बारीक करून बघत राहिला, पण त्याला काही दिसत नव्हते हे मला कळत होते.

"डोळे करून येतंय," तो म्हणाला. "मगे नीट बघतंय."

मागे कोणी नव्हते. ते तो खळ्याला सांगत होता.

तो गेला आणि डंपर आला. पुष्करने कौस्तुभला बजावले, "बाबांची अट आसा. उकरू नको." कोणी उकरले नाही. त्यांनी कडेने चिरे लावले आणि खळ्यावर खडी ओतली. पहिला ढीग पडला तेव्हा धुळीने मला काही दिसेना. खडी वीतभर जाड पसरली. तिच्यावर ग्रिट, म्हणजे दगडाची बारीक राखाडी पूड. मग दणदणत रोलर फिरला. घराची कौले हलली.

न्हाणीकडचा कोपरा तेवढा राहिला. तिथे न्हाणीची भिंत जुनी. रोलर नेला तर ती तडकेल, म्हणून त्यांनी तो लांब ठेवला. माडाच्या मुळाने तिथली जमीन जरा वर आली होती. ती आधी हाताने बसवायला हवी होती. त्यासाठी लागणारे लोखंडी धुम्मस दुसऱ्या कामावर राहिले होते. बाबू नावाचा एक कामगार पडवीत सावलीला आला, घाम पुसत त्याने वर पाहिले आणि मी त्याला दिसले.

"पुष्करदादा, ह्यां चोपणां घेव?"

पुष्कर फोनवर बोलत होता. त्याने हाताने खूण केली, घे.

बाबूने मला खाली काढले. कोपऱ्यावर खडी अजून पडली नव्हती. तिथे सारवण उघडे होते आणि सरलाच्या रेघा होत्या. तीन पूर्ण, एक अर्धी. सगळ्या खळ्यात आता तेवढ्याच उरल्या होत्या. बाबूने पाइपने पाणी मारले. रेघा भिजल्या, काळ्या झाल्या, क्षणभर तिने आताच सारवल्यासारख्या दिसल्या. मग त्याने मला उचलले.

मला सांगायचे आहे ते हेच. मला दुःख झाले असे मी म्हटले, तर ते खोटे ठरेल. सरला गेल्यापासून मी वाशाला लटकत होते. कोळ्यांनी माझ्यावर जाळी केली होती. आणि अचानक माझी मूठ हातात होती, खाली ओली माती होती, धप्प असा तोच आवाज येत होता. मित्रांनो, मला आनंद झाला. मी मन लावून काम केले. एका रेघेचीही कड शिल्लक राहू दिली नाही. बाबू म्हणाला, "भारी आसा रे ह्यां, मशीनीपेक्षा बरां बसता." आणि मी ते ऐकून फुलले. मग त्याने त्यावर खडी आणि वर ग्रिट पसरली आणि माझ्यानेच चोपली. तेव्हा ती पूड माझ्या चिरेत शिरली. मला पुन्हा वाशाला टांगले. खाली पाहिले तेव्हा सगळे राखाडी आणि सपाट झाले होते. मी काय केले ते मला तेव्हा कळले.

पुढच्या दिवसांत हिरव्या गवताच्या गुंडाळ्या आल्या. त्या उलगडल्या, सांधे चिकटवले, वर वाळू आणि काळ्या रबराचे दाणे पसरून झाडूने आत घातले. पांढऱ्या रेघा झाल्या. जाळी उभी राहिली. गौरजा हरखून गेली.

गुरुदास काळा चष्मा लावून परत आला. अस्मिताने त्याला दारापर्यंत सोडले. त्याने पाणीसुद्धा घेतले नाही. घरातून सरळ मागच्या दारात आला आणि त्याने चष्मा काढला. समोर हिरवेगार होते. मध्ये गौरजा चेंडू काखेत धरून उभी होती, आजोबा काय म्हणतात याची वाट बघत.

तो कडेला आला आणि गुडघ्यांवर बसला. गवताचा कोपरा त्याने नखांनी धरला. तो चिकटवलेला होता. त्याने पुन्हा ओढला.

"बाबा, काय झालां?" पुष्कर धावत आला. "वाकू नका. डॉक्टरान काय सांगितल्यान?"

"काढूक गावता म्हणालो तो."

"आता कित्याक काढूचां? कालच तर झालां."

"खाली खळां आसा मां?"

"आसा ना. आम्ही उकरूकच नाय. वर खडी घातली, ग्रिट घातली, रोलर फिरवलो आणि मगे गवत."

"खडी?"

"खडी नसली तर गवत बसतलां कसां, बाबा? पाणी जातलां खंय?"

गुरुदासने कोपरा सोडला. पुष्करच्या चेहऱ्यावरचा आनंद हळूहळू उतरला. आपण काहीतरी केले आहे हे त्याला कळले, पण काय ते कळेना.

"बाबा, खाली काय होतां?"

गुरुदास उठला. त्याने गुडघे झटकले. "काय नाय," तो म्हणाला. "शेण होतां."

मग त्याला गौरजा दिसली. ती तशीच उभी होती. खेळायचे की नाही हे तिला समजत नव्हते.

"खेळ गो," तो म्हणाला आणि आत गेला.

मुले येऊ लागली. संध्याकाळी घरामागे आरडाओरडा होऊ लागला. गौरजाचे गुडघे फुटायचे थांबले. त्या गवताला मी दोष देत नाही. त्याला ज्या जागी घातले तिथे ते पडून आहे, चेंडू उडवते, पाणी खाली सोडते. पण गुरुदास त्यावर कधी पाय ठेवायचा नाही. न्हाणीकडे तो अजूनही माडाच्या कडेनेच जायचा.

आणि मग त्याने मला खाली काढले. माझ्यावरची कोळिष्टके पुसली. मुठीला खोबरेल तेल लावले. सरलाच्या हाताने मुठीला पडलेली खळी त्याने अंगठ्याने चाचपली. मला मांडीवर घेऊन तो म्हणाला, "तू तरी ऱ्हवलां."

मित्रांनो, यापेक्षा त्याने मला न्हाणीच्या चुलीत घातले असते तर बरे झाले असते. त्याला वाटत होते की मी तिथेच टांगलेले होते. बाबूने काय केले हे त्याला कोणी सांगितले नव्हते, कारण ते सांगण्यासारखे आहे असे कोणाला वाटलेच नव्हते. रोज दुपारी तो मला तेल लावायचा. रोज मी त्याचे तेल पीत होते आणि गप्प होते. लाकडाला बोलता येत नाही, ही माझी सबब होती.

टर्फ आणि मागची पायरी यांच्यामध्ये मातीची एक पट्टी राहिली होती. दोन माणसे बसतील एवढी रुंद; तिथले सारवण कामगारांच्या पायांनी केव्हाच उडाले होते. कौस्तुभ म्हणाला, "काका, हयसर सिमेंटचे ब्लॉक बसवतंव." गुरुदास म्हणाला, "नको. ती ऱ्हवांदे." दिवाळी जवळ आली. एका सकाळी तो डोंगरावरून टोपलीभर तांबडी माती घेऊन आला. सुगंधाच्या गोठ्यातून शेण आणले. सून म्हणाली, "बाबा, मी करतंय." तो म्हणाला, "तू नको. माझां काम आसा."

त्याने पट्टीवर माती पसरली, पाणी शिंपडले आणि मला घेतले. उन्हात धरून त्याने मला उलटे केले, पोट पुसायला. त्याचे डोळे आता स्वच्छ झाले होते. त्याला चीर दिसली. चिरेतली राखाडी पूड दिसली.

त्याने झाडूचा एक हीर मोडला आणि पूड उकरली. ती बोटांच्या चिमटीत चोळली. मग तो टर्फच्या कडेशी गेला. तिथे चिऱ्यालगत तीच पूड सांडलेली होती. त्याने ती उचलली, दोन्ही शेजारी शेजारी तळहातावर ठेवल्या. मग न्हाणीच्या कोपऱ्याकडे पाहिले, जिथे रोलर जात नव्हता. तो बराच वेळ तिकडे बघत राहिला.

पायरीला लागून न्हाणीची लाकडे रचलेली होती. मी त्यांच्याकडे पाहिले. माझी जागा तिथे आहे, असे मला वाटले.

गुरुदास परत येऊन बसला. त्याने मला मांडीवर घेतले.

"कामाक लावलां तर तां तरी काय करतलां," तो हळू म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "माका इचारलां, तेवा मी पण होयच म्हटलंय."

चिरेतली सगळी पूड त्याने काढली नाही. तशीच थोडी ठेवली आणि तो चोपू लागला. त्याला माझी मूठ बसत नव्हती. त्याचा हात मोठा. फटके वाकडे पडत होते, एकीकडे खड्डा, एकीकडे उंचवटा. पण मी माझ्याकडून जमेल तेवढे सपाट केले.

मग तो शेणात हात घालून सारवायला बसला. आमच्याकडे पुरुष हे काम करत नाहीत. सुगंधा कुंपणापाशी येऊन उभी राहिली.

"भावजी, ह्यां सारवलेलां की म्हशीन चाटलेलां?"

"म्हशीन बरां केलां असतां," तो मान न उचलता म्हणाला.

"मागे सरकत या. पुढे सरकलात तर सारवणाच्या वर आपणच बसतलात."

तो मागे सरकत गेला. त्याच्या रेघा जाड होत्या, एकमेकींवर चढलेल्या. आणि चारही पूर्ण होत्या. चौथी रेघ जिथे संपायला हवी होती तिथे तो दरवेळी थांबायचा आणि मग हात पुढे न्यायचा.

पट्टी पुरी झाली. तो पायरीवर हात धुवत होता, इतक्यात जाळीच्या दारातून चेंडू बाहेर आला आणि ओल्या सारवणाच्या कडेला येऊन थांबला. मागून गौरजा धावत आली आणि कडेला थबकली.

"आजोबा, ओलां आसा?"

"आसा गो. सुकांदे आधी. ऱ्हव, मी देतंय चेंडू."

आणि तो पायरीवरून उठला, चेंडूकडे बघत सरळ पुढे गेला. त्याचा पाय ओल्या सारवणात मधोमध पडला.

सुगंधाने तोंडाला पदर लावला. गौरजाने कपाळावर हात मारला.

"आजोबा, तुमच्या पायाक डोळे आसत की नाय?"

सुगंधा हसता हसता थांबली. गुरुदास तसाच उभा राहिला. पाय न उचलता त्याने खाली पाहिले, मग हिरव्या गवताकडे पाहिले, मग नातीकडे.

"चुकलंय गो," तो म्हणाला. "चुकलंय."

ते पाऊल त्याने पुसले नाही. ते सुकले आहे आणि रोज मला वाशावरून दिसते. गौरजा आता न्हाणीकडे जाताना पट्टीला वळसा घालते आणि मित्रांनाही घालायला लावते. गुरुदास कधी कधी संध्याकाळी टर्फच्या कडेला बसतो आणि बाहेर आलेला चेंडू हाताने परत टाकतो. पुष्करला खाली काय होते हे त्याने सांगितले की नाही, मला माहीत नाही. एकदा पुष्कर एकटाच पट्टीपाशी वाकून बसला होता आणि बापाच्या रेघांवरून बोट फिरवत होता, एवढे मी पाहिले.

मला अजून कोणी माफ केलेले नाही, कारण मी कोणाला सांगितलेच नाही की मला त्या दिवशी आनंद झाला होता. आज तुम्हाला सांगितले.

मित्रांनो, तुमच्या घरीही कधी जमीन उकरतील, फरशी घालतील, भिंत रंगवतील, नवे काही बसवतील. बसवू द्या. घरात मुले खेळायला हवीत. पण त्याआधी एकदा खाली वाका आणि तळहात टेकून बघा. कोणाची बोटे हाताला लागली तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, ही कोणाची. तो "काय नाय" म्हणेल. तरी पुन्हा विचारा. आणि घरात कोणी जिवंत हाताने सारवत असेल, तर ते सुकेपर्यंत माडाच्या कडेने जा.

दिवाळी सरली. पट्टीवरचे सारवण आता उडू लागले आहे. गुरुदासने काल मला खाली काढले, गौरजाच्या हातात दिले आणि विचारले, "हाताक बसता?"

तिने मूठ धरून पाहिली.

"नाय," ती म्हणाली. "मोठी आसा."

"ऱ्हवांदे," तो म्हणाला. "तासूचां नाय ह्यां. तू मोठी हो."